मडगावचं 'ओ उल्त्रामार' वाचायचं असेल तर

मडगावच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "१८५९ साली आमच्या शहरात वृत्तपत्र निघत होतं, हे मला चाळिशीत कळलं. ते कोणी काढलं, कशासाठी काढलं? मला पोर्तुगीज येत नाही, मग त्यात माझ्या माणसांचं काही सापडेल का? आठवी-नववीच्या मुलांकडून त्याचा छोटासा इतिहास लिहून घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?"

गेली तीसएक वर्षं मी गोव्यातली जुनी पोर्तुगीज वृत्तपत्रं वाचतो आहे, त्यांची मराठीत टिपणं काढतो आहे आणि जमेल तेवढे अंक वाचवायला हात लावतो आहे. त्या जोरावर सांगतो: सुरुवात त्या वृत्तपत्राच्या, म्हणजे 'ओ उल्त्रामार'च्या, प्रतिस्पर्ध्यापासून करा. असं का म्हणतो, ते कळण्यासाठी आधी थोडं मागे जाऊ.

गोव्यात छापखाना आला १५५६ साली. खरं तर तो जेझुइट पाद्रींबरोबर ॲबिसिनियाला जायचा होता, पण गोव्यात उतरला आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजातच राहिला. भारतातला हा पहिला छापखाना. पुढे १६१६ साली तुमच्या मडगावपासून काही मैलांवर, राशोलला, फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. मुलांना हे जरूर सांगा. मराठी ग्रंथ छापण्याचा मान पुण्या-मुंबईच्या कितीतरी आधी सासष्टी तालुक्याकडे जातो.

पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही छपाई थांबली आणि पुढची सुमारे दीडशे वर्षं गोव्यात छापखानाच नव्हता. ज्या भूमीत भारताची मुद्रणकला सुरू झाली, तिथे दीड शतक एक ओळ छापली गेली नाही. मला ह्या गोष्टीचं आजही फार वाईट वाटतं. ह्या काळात काय काय लिहिलं गेलं आणि हस्तलिखितातच कुजलं, त्याचा हिशेब आता कधीच लागणार नाही.

छापखाना परत आला तो राजकारणाच्या लाटेवर. १८२० मध्ये पोर्तुगालात उदारमतवाद्यांची क्रांती झाली. तिचे पडसाद गोव्यात उमटले आणि १६ सप्टेंबर १८२१ रोजी इथल्या व्हाइसरॉयला, कोंद द रिउ पार्दुला, पदावरून खाली खेचलं गेलं. त्याच वर्षी २२ डिसेंबरला 'गाझेता द गोआ'चा पहिला अंक निघाला, मुंबईहून आणलेल्या यंत्रावर. 'मुंबई समाचार' १ जुलै १८२२ चा आणि बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं. म्हणजे गोव्याचं पहिलं वृत्तपत्र ह्या दोघांच्याही आधीचं. मात्र ते सरकारी होतं आणि १८२६ साली सरकारनंच ते बंद केलं. १८३५ मध्ये बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोंयकार (गोव्याचेच) प्रिफेक्ट, म्हणजे गव्हर्नरच्या जागचे प्रशासक, म्हणून सत्तेवर आले आणि अवघ्या सतराएक दिवसांत उलथवले गेले. त्याच वर्षी 'क्रोनिका कोंश्तितुसियोनाल द गोआ' निघालं आणि १८३७ मध्ये त्याची जागा सरकारी 'बोलेतीं'नं, म्हणजे राजपत्रानं, घेतली. तेच पुढचं 'बोलेतीं ओफिसियाल'. जुन्या जमिनींचे कागद हुडकताना आपले वकील आजही ज्याचं नाव घेतात, ते हेच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं नव्या गोव्यात, म्हणजे पणजीत, सरकारच्या हातात होतं. सरकारविरुद्ध पोर्तुगीजमध्ये काही छापायचं तर गोंयकार मुंबई गाठत. मुंबईत १८३० च्या दशकापासून गोंयकारांची पोर्तुगीज वृत्तपत्रं निघत होती. १८४८ चं 'अबेल्या द बोंबाइं', म्हणजे 'मुंबईची मधमाशी', हे त्यांतलं एक. स्वतःच्या गावचं भांडण छापायला माणसं इंग्रजांच्या शहरात जात होती.

मग ६ एप्रिल १८५९ रोजी मडगावात 'ओ उल्त्रामार' निघालं. गोव्यातलं हे पहिलं खाजगी वृत्तपत्र, त्याचा छापखानाही खाजगी. काढणारे बेर्नार्दो फ्रान्सिस्को द कोस्ता. ते गोव्याचे प्रतिनिधी म्हणून लिस्बनच्या संसदेत जाऊन आलेले होते. छापील शब्दाला राजकारणात किती वजन असतं ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं होतं. वृत्तपत्र साप्ताहिक होतं आणि ते १९४१ पर्यंत चाललं. ब्याऐंशी वर्षं. त्या आयुष्यात पोर्तुगालची राजेशाही संपली, प्रजासत्ताक आलं, तेही गेलं आणि सालाझारची हुकूमशाही आली. गोव्यासारख्या छोट्या मुलखात इतकं टिकणारी वृत्तपत्रं थोडीच.

हे पणजीत न होता मडगावात का झालं, असा प्रश्न मुलं विचारतील. त्यांनी विचारावाच. पणजीत सरकार होतं, कचेऱ्या होत्या, गव्हर्नर होता. मडगावात बाजार होता, भाटकार म्हणजे जमीनदार होते, वकील होते, राशोलच्या सेमिनारीतून शिकून निघालेले पाद्री होते. सासष्टीत पोर्तुगीज वाचणारा आणि वर्गणी भरू शकणारा वर्ग जवळजवळच्या गावांत दाट वसलेला होता. मडगावच्या बाजाराला सगळा तालुका येत असे, त्यामुळे अंक गावोगाव पोचवणं सोपं. आणि गव्हर्नरच्या दारापासून थोडं लांब राहिलं की हात मोकळा राहतो, हेही खरं.

आता नाव बघा. 'उल्त्रामार' म्हणजे 'समुद्रापलीकडचा'. लिस्बनमध्ये वसाहतींचा कारभार बघणाऱ्या खात्याचं नावच 'आरमार आणि उल्त्रामार' असं होतं. म्हणजे मडगावात बसून, सासष्टीची शेतं समोर दिसत असताना, संपादकानं स्वतःला 'समुद्रापलीकडचे' म्हणवून घेतलं. ह्या नावातच त्याचा वाचक कोण ते कळतं. एक वाचक गावातला, आणि दुसरा हजारो मैलांवर लिस्बनमध्ये बसलेला मंत्री किंवा खासदार. बरेच अग्रलेख त्या दुसऱ्या वाचकासाठी लिहिल्यासारखे वाटतात: मान लवून सुरुवात, मग हळूच तक्रार, मग कायद्याचं कलम. हा सूर एकदा कानाला लागला की वाचणं सोपं जातं.

१८६१ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, त्याच सासष्टीत ओर्लीला 'आ इंदिया पोर्तुगेझा' हे दुसरं साप्ताहिक निघालं. काढणारे मान्वेल लोरेन्सो द मिरांदा फ्रान्को. पुढे तेही मडगावला आलं. 'ओ उल्त्रामार'च्या मागे मुख्यतः ख्रिस्ती ब्राह्मण भाटकारांचं वर्तुळ होतं, तर 'इंदिया पोर्तुगेझा'च्या मागे चारडो, म्हणजे स्वतःला क्षत्रिय मानणाऱ्या ख्रिस्ती, घराण्यांचं. दोन वृत्तपत्रांभोवती दोन पक्ष उभे राहिले, 'पार्तिदु उल्त्रामारिनु' आणि 'पार्तिदु इंदियानु'. दुसऱ्याचे पुढारी ओर्लीचे जुझे इनासियो द लोयोला. कोण नगरपालिकेत जाणार, लिस्बनला प्रतिनिधी म्हणून कोणाला धाडायचं, गव्हर्नर कोणाच्या बाजूचा, ह्यावर ही दोन वृत्तपत्रं तीस-चाळीस वर्षं आठवड्यामागून आठवडा भांडत राहिली.

म्हणून म्हणतो, प्रतिस्पर्ध्यापासून सुरुवात करा. 'ओ उल्त्रामार' एकटं वाचलंत तर अर्धं संभाषण वाचल्यासारखं होईल. त्यातला प्रत्येक दुसरा लेख कशाचं तरी उत्तर आहे, आणि ते 'कशाचं तरी' समोरच्या वृत्तपत्रात आहे. कित्येकदा समोरच्याचं नावही घेतलेलं नसतं. 'काही सहव्यवसायी', 'ओर्लीचे सद्गृहस्थ' अशा आडवळणानं बोलतात. तुमच्याकडे दोन्ही अंक शेजारी नसतील तर कोण कोणाला काय म्हणतंय ते कळणारच नाही.

माझ्याकडून ह्याच बाबतीत सुरुवातीला एक मोठी चूक झाली आहे, ती सांगून टाकतो, म्हणजे मुलांकडून व्हायची नाही. एका गावातल्या बांधाच्या लिलावावरचा एक खरमरीत मजकूर मला सापडला. मी तो संपादकाचं मत म्हणून टिपून घेतला आणि त्यावर मराठीत एक लेखही लिहिला. त्या गावचे एक वृद्ध गांवकार माझ्याकडे आले. जुनं पोर्तुगीज त्यांना उत्तम येत होतं. त्यांनी मी काढलेली छायाप्रत हातात घेतली आणि मजकुराच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'कोमुनिकादु'. म्हणजे बाहेरच्या माणसानं, बहुधा पैसे भरून, छापून घेतलेला मजकूर. तो संपादकाचा नव्हताच, लिलावात हरलेल्या पक्षाचा होता. सगळा लेख त्या एका शब्दावर कोसळला. त्या गृहस्थांनी मला रागावून एक शब्द बोलला नाही. "आता दुसरी बाजू बघूया" एवढंच म्हणाले आणि समोरच्या वृत्तपत्राची तारीखही सुचवली. त्या दिवसापासून मी मजकूर वाचण्याआधी तो कुठल्या रकान्यात बसवलाय ते बघतो.

तर रकाने ओळखायला शिका. पोर्तुगीज न येताही हे जमतं, कारण जागा ठरलेल्या असतात. अशी साप्ताहिकं साधारण चार पानी. पहिल्या पानावर वर संपादकीय. त्याच पानाच्या तळाशी आडवी रेघ मारून खाली 'फोल्येतीं', म्हणजे क्रमशः कथा-कादंबरी किंवा प्रवासवर्णन. आतल्या पानांत पत्रव्यवहार, 'कोमुनिकादु', जन्म-मृत्यूच्या बातम्या, बाहेरून आलेल्या वार्ता. शेवटच्या पानावर 'आनुन्सियु', म्हणजे जाहिराती आणि नोटिसा. कुठेतरी बारीक अक्षरांत 'एदितोर रेस्पोंसाव्हेल', जबाबदार संपादकाचं नाव. त्या काळच्या कायद्याप्रमाणे खटला झाला तर कोर्टात उभं राहायला एक नाव लागायचं. लिहिणारा खरोखर तोच असेल असं नाही. पहिल्या पानाच्या शिरोभागात वर्गणीचे दर दिलेले असतात. गोव्यात किती, ब्रिटिश हिंदुस्थानात किती, पोर्तुगालात किती, असे ते वेगवेगळे असले तर अंक कुठवर जात होता ते आपोआप कळतं.

पोर्तुगीज येत नसेल तर मी शेवटच्या पानावरून सुरुवात करायला सांगेन. तिथली भाषा ठरावीक आहे, वीसएक शब्द कळले की बरंच कळतं. 'व्हेंदे-से' म्हणजे विकणे आहे. 'आर्रेमातासांव' म्हणजे लिलाव. 'इन्व्हेंतारियु' म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी. 'एदितुश' म्हणजे न्यायालयाची जाहीर नोटीस, बहुतेक वेळा ३० दिवसांची. आणि तुमचा दुसरा प्रश्न, 'माझ्या माणसांचं काही सापडेल का', त्याचं उत्तर ह्याच पानावर आहे. अग्रलेख सासष्टीच्या ख्रिस्ती भाटकारांचे. पण मागच्या पानावर कर्ज देणारे, दुकान चालवणारे, वारसाहक्कासाठी न्यायालयात गेलेले हिंदू पसरकार आणि वतनदार भेटू लागतात.

फक्त ती नावं ओळखता यायला हवीत, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. पोर्तुगीज कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं आहे. 'क्यू, यू, ई, एन, आय, एम' अशी अक्षरं दिसली तर ते केणी. शेवटचा 'एम' म्हणजे अनुस्वार. 'पी, ओ, आय' म्हणजे पै. 'पी, ओ, आर, ओ, बी, ओ' म्हणजे प्रभू. 'कामोतीं' म्हणजे कामत, 'सिनाय' म्हणजे शेणै. पोर्तुगीज 'एक्स'चा उच्चार 'श', म्हणून 'एक्स'नं सुरू होणारा 'शेट' डोळ्यांपुढे येतो तेव्हा आधी ओळखूच येत नाही. व्यंकटेशाच्या शेवटी 'एक्स' आणि 'ए' लागतात, आणि यशवंत 'ई'नं सुरू होतो. मुलांना ही अक्षरं फळ्यावर लिहून द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. डोळ्यांनी न ओळखलेलं नाव कानाला चटकन ओळखू येतं. मी एका मुलाला आपल्याच पणजोबांचं आडनाव असं ओळखताना पाहिलं आहे. त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही.

आणखी एक अडचण स्पेलिंगची. पोर्तुगीजमध्ये १९११ साली लेखनसुधारणा झाली. त्याआधीच्या अंकांत 'फार्मासिया' आणि 'तिपोग्राफिया' ह्या शब्दांत 'पी-एच' दिसेल, दोन-दोन 'एल', दोन-दोन 'टी' दिसतील. आजच्या शब्दकोशात तसा शब्द मिळाला नाही म्हणून निराश होऊ नका, 'पी-एच'च्या जागी 'एफ' आणि जोडीच्या जागी एकच अक्षर घालून परत शोधा. मोबाइलवरची भाषांतराची सोय जुन्या स्पेलिंगवर अडखळते. आधी स्पेलिंग नवं करून मग तिला द्या.

मराठीकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात ती ओढ दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या गोव्यात हिंदूंचा लिखित व्यवहार बराचसा मराठीत होता: देवळांचे जमाखर्च, महाजनांचे ठराव, दुकानाच्या वह्या, कीर्तनाच्या पोथ्या. १८७० च्या दशकात गोव्यात मराठी नियतकालिकंही निघू लागली. 'आनंदलहरी' आणि 'देशसुधारणेच्छु' ही नावं तुम्हाला त्या काळाच्या अभ्यासात भेटतील. म्हणजे पोर्तुगीज वृत्तपत्रांनी वाट पाडल्यावर दहा-पंधरा वर्षांत आपली माणसंही छापखान्याकडे वळली. कोकणीचं पहिलं नियतकालिक 'उदेंतेचें साळक' मात्र १८८९ मध्ये पुण्याहून निघालं, एदुआर्दो जुझे ब्रुनो द सोझा यांनी काढलेलं. गोव्याची स्वतःची भाषा छापायला पुण्याला जावं लागलं, हे मुलांना सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा जड होतो.

ह्याच वर्षांत गोव्याच्या हिंदूंच्या आयुष्याला थेट लागणारे कायदे आले. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० मध्ये लागू झाली. हिंदूंच्या रूढी-परंपरांची संहिता १६ डिसेंबर १८८० ची. देवळांच्या महाजनांसाठीचं नियमन १८८६ चं. आज गोव्यात लग्न-वारसा ह्यांचा जो कायदा आपण पाळतो त्याची मुळं तिथे आहेत. ह्या तारखांच्या आगेमागे दोन-तीन महिन्यांचे अंक चाळा. ज्या घरात अजून मृत्युपत्र, वाटणी, 'इन्व्हेंतारियु' हे शब्द बोलण्यात येतात, त्या घरच्या मुलाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा चांगला धागा म्हणजे मीठ आणि आगगाडी. डिसेंबर १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. तो १८८० पासून १८९२ पर्यंत चालला. त्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं, अबकारी म्हणजे ताडी-दारूवरचा कर आला, आणि बदल्यात मुरगावचं बंदर आणि तिथून घाट चढून जाणारी आगगाडी मिळाली. १८८० च्या दशकात ती गाडी मडगावातून धावू लागली. मिठागर राखणाऱ्याचं पोट आणि माडाला चढून ताडी काढणाऱ्या रेंदेराचा धंदा एका बाजूला, नवं स्टेशन दुसऱ्या बाजूला. मडगावच्या मुलांना स्टेशन रोज दिसतं. तिथून सुरुवात केली तर १८७८ हे साल नुसतं पाठ करायचं साल राहत नाही.

पण एकच दिवस निवडायचा असेल तर मी २१ सप्टेंबर १८९० निवडेन. रविवार होता. नगरपालिकेची निवडणूक होती. गव्हर्नर वास्को गेदिश. दोन पक्षांतलं तीस वर्षांचं वैर त्या दिवशी मडगावच्या चर्चसमोर येऊन उभं राहिलं आणि सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. माणसं मेली. त्यावर रचलेला मांडो, म्हणजे कोकणी गीत, सासष्टीत अजून गातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाला तरी दोन ओळी येत असतील. वृत्तपत्रांतल्या शब्दांच्या लढाईचं रूपांतर रक्तात कसं झालं, ते ह्या एका दिवसात दिसतं. त्या दिवसाआधीचे चार-सहा आठवडे आणि नंतरचे चार-सहा आठवडे, दोन्ही वृत्तपत्रांचे जे अंक हाती लागतील ते, आणि सोबत सरकारी 'बोलेतीं', असे तीन स्तंभ करून मुलांना भरायला द्या: कोण काय म्हणतं, काय म्हणत नाही, कोण कोणाला 'दंगेखोर' म्हणतं. मुलांनी निष्कर्ष काढावा अशी घाई करू नका. तीन स्तंभ भरणं हेच मोठं काम आहे.

अंक कुठे मिळतील? पहिलं ठिकाण पणजीच्या पाट्टो भागातलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. ही संस्था १८३२ ची, 'पुब्लिका लिव्हरारिया' म्हणून सुरू झालेली. तिथे जुन्या पोर्तुगीज वृत्तपत्रांचा साठा आहे आणि त्यांचं संगणकीकरणही झालेलं आहे. संगणकावरच्या प्रती आधी बघा, मूळ अंक गरज असेल तरच मागा. पर्वरीचं झेव्हियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च दुसरं. मुद्रणाच्या जुन्या इतिहासासाठी अनंत काकबा प्रियोळकरांचं १९५८ चं इंग्रजी पुस्तक आहे, भारतातल्या छापखान्याच्या आरंभावरचं. प्रियोळकर आपल्या प्रियोळचे. गोव्याच्या छपाईची पहिली शतकं मला तरी त्यांच्यामुळे समजली.

तिसरं ठिकाण सासष्टीतली जुनी घरं. ह्याबद्दल थोडं जास्त सांगतो. मोठ्या घरांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, कधी कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेले अंक सापडतात. एका घरी काकूंनी आम्हाला बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसवलं, सरबत दिलं आणि आतून एक शिसवी पेटी आणली. तिच्या तळाशी लग्नाच्या साडीखाली अंथरलेला 'उल्त्रामार'चा अंक होता. घडीवर फाटलेला, पण बाकीचा कागद अजून मऊ आणि मजबूत. नव्या लोकांना हे खरं वाटत नाही. १८६० च्या आसपासचा कागद पुष्कळदा चिंध्यांपासून केलेला असतो, तो टिकतो. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि तो आपल्याच आम्लानं पिवळा पडून पापडासारखा मोडतो. म्हणून १९३० चा अंक हातात तुटेल आणि १८६५ चा तुटणार नाही, असं होऊ शकतं. काकूंनी तो अंक द्यायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. आम्ही तिथेच खिडकीशी त्याची छायाचित्रं घेतली.

एका जुन्या कचेरीच्या आवारात, नूतनीकरणाच्या गडबडीत, बांधीव खंड रद्दीत गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. दोन दिवस आधी कळलं असतं तर वाचले असते. म्हणून घरोघरी गेलात की निदान विचारून ठेवा, आणि घर दुरुस्तीला काढताना तुम्हाला एक फोन करा असं सांगून ठेवा.

सापडलेला अंक हाताळताना चिकटपट्टी लावू नका, कितीही फाटलेला असो. पट्टीचा डिंक कागदात उतरतो आणि अक्षरं तपकिरी होऊन जातात. पान उलटताना खाली पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकट उलटा. वाळवी, कसर दिसली तर तो गठ्ठा इतर कागदांपासून लगेच वेगळा करा. फ्लॅश नको, खिडकीतला सकाळचा उजेड पुरतो. प्रत्येक पानाचं आधी पूर्ण छायाचित्र घ्या, मग तुकड्यांचं, आणि पहिल्या चित्रात अंकाचा शिरोभाग, वर्ष, क्रमांक, तारीख दिसू द्या. नुसतं कात्रण घेऊन आलेला विद्यार्थी नंतर तारखेसाठी रडतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मुलांना आवडेल अशी एक गोष्ट: त्या काळी प्रत्येक अक्षर जुळारी हातानं जुळवत होता. खिळे झिजत, मोडत. एखाद्या अक्षराची शेपटी तुटलेली असली तर ती खूण अंकामागून अंकात येत राहते. भिंग घेऊन असं एक मोडकं अक्षर शोधायला लावा. सापडलं की त्याच छापखान्यातून निघालेलं एखादं निनावी पत्रकही त्या खुणेवरून ओळखता येतं. मुलं ह्या कामाला जेवण विसरून बसतात.

जायचं असेल तर मे संपायच्या आत जा. पावसाळ्यात कागद दमट असतो आणि पान पानाला चिकटतं. पाच-सहाच मुलं न्या, हात धुऊन कोरडे करायला लावा. शाईचं पेन दप्तरातच राहू दे, शिसपेन्सिली मात्र जास्तीच्या न्या, कारण पहिल्याच तासात निम्म्या मोडतात.